एका फुटाला चार सूत

नावं घालायची नाहीत, असं ठरवूनच लिहायला बसले आहे. मला त्याचा काही त्रास नाही, कारण नवऱ्याला मी लग्नापासून कधी नावाने हाक मारलेली नाही. ते घरात अहो आहेत, इथेही अहोच राहतील. या क्षणी ते पुढच्या खोलीत रेडिओ ऐकत बसले आहेत. मी काय लिहिते आहे ते मागून येऊन वाचतील, अशी भीती आता उरलेली नाही. काचबिंदू. दोन्ही डोळे.

माझे वडील फर्निचर करायचे. आमच्या घरात इंच आणि सूत सोडून तिसरं माप नव्हतं. इंचाचे आठ भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे सूत. आई पोळीसुद्धा सुतात मोजायची. "आज दोन सूत जाड झाल्यात," असं ती स्वतःच म्हणून टाकायची, म्हणजे आम्हाला नाव ठेवायला जागा राहायची नाही. अहो कारखान्याच्या टूलरूममधले. तिथे सगळं मिलिमीटरमध्ये, आणि तेसुद्धा दशांश चिन्हानंतरचं. लग्नानंतरचं आमचं पहिलं भांडण पडद्याच्या दांडीवरून झालं. मी सांगितलं, साडेचार फूट आणि वर दोन सूत. त्यांनी विचारलं, "सूत म्हणजे दोरा ना?" दांडी आखूड आली. पडदा पुढची काही वर्षं एका बाजूने उघडाच राहिला. आमचं सूत जमलं ते असं.

रिटायर झाल्यावर अहोंनी मागच्या अंगणात रेल्वे घातली. कर्वेनगरात आमचं रो-हाउस आहे, त्याच्या मागे एका खोलीएवढं अंगण. तिथे आधी कढीपत्ता, जास्वंद आणि धुणं वाळत घालायच्या दोऱ्या होत्या. दोऱ्या गच्चीवर गेल्या. अहोंच्या लहानपणी त्यांच्या गावावरून मीटरगेज जायची. ती पुढे बंद झाली आणि त्यांच्या मनातून काही गेली नाही. त्यांनी इंजिन आणि डबे परदेशातून मागवले, रूळ स्वतः जमिनीवर बसवले, आणि तारा, दिवे, बटणं यांच्यासाठी बुधवार पेठेत इतक्या खेपा घातल्या की तिथला दुकानदार त्यांना बघून आधी स्टूल पुढे करायचा. शेजारचे काका कंपाउंडवरून डोकावून विचारायचे, "काय, गाडी वेळेवर आहे ना?" अहो म्हणायचे, "आमची आहे. तुमचं काय काम होतं?"

इमारती माझ्याकडे आल्या. मी शाळेत क्राफ्ट शिकवायची. करवत, पटाशी, रंधा ही अवजारं माझ्या हाताला वडिलांच्या घरापासून माहीत. अहोंनी बाहेरून आणलेली प्लास्टिकची दोन घरं मी बघितली. कुठल्या तरी बर्फातल्या गावातली होती, छपरं उभट, धुराडी लाल. म्हटलं, आपल्या मीटरगेजला ही शोभतील का? मंगलोरी कौलं पाहिजेत, पडवीला लाकडी खांब पाहिजेत, सिग्नलच्या केबिनला बाहेरून जिना पाहिजे. अहो म्हणाले, "कर. पण स्केल सोडायचं नाही. चोविसाला एक." मी मनात हिशोब केला. एका फुटाला अर्धा इंच, म्हणजे चार सूत. तसं म्हणून दाखवलं. अहोंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "हे बरं आहे की." माझ्या सुताचं त्यांनी केलेलं ते पहिलं कौतुक.

तेव्हापासून ते आमच्या घरातलं वाक्यच झालं. एका फुटाला चार सूत. साडेसहा फुटांचं दार सव्वातीन इंच उंच यायचं. पहिली झाली सिग्नलची केबिन. सागाच्या पट्ट्या उभ्या चिरून तिच्या भिंती केल्या, जिन्याची प्रत्येक पायरी वेगळी बसवली, छपरावर एकेक कौल लाकडात कोरून लावलं, आणि सगळ्यावर जवसाच्या तेलाचे हात दिले. आमच्याकडे बारीक खिळ्याला चूक म्हणतात. त्या दिवसांत घरभर चुका पडलेल्या असायच्या आणि अहो अनवाणी फिरून त्या शोधून द्यायचे.

केबिनची मागची बाजू कंपाउंडच्या भिंतीकडे येत होती. तिकडे कोण बघणार म्हणून मी तिथे सपाट फळी ठोकून मोकळी झाले. दुसऱ्या दिवशी बघते तर अहो भिंत आणि केबिन यांच्या मधल्या फटीत गाल घालून ओणवे.

"मागे खिडकी नाही," ते म्हणाले.

"मागून कोण बघतंय?"

"मी."

टूलरूमची खोड. जी बाजू कुणाला दिसत नाही तीही मापात हवी. मी खूप बडबडले, फळी काढली आणि खिडक्या कोरल्या. नंतरच्या प्रत्येक इमारतीला पुढच्याइतकंच मागेही काम आलं. पाण्याच्या टाकीचा लाकडी घोडा झाला, रेल्वेफाटक झालं, त्याच्या शेजारी गेटमनची एकखणी खोली झाली. श्रावणात लाकूड फुगायचं आणि त्या एवढ्याशा खोलीचं दार खऱ्या दारासारखं अडकायचं. अहोंना याचा कोण आनंद. ते नखाने दार ओढून बघायचे आणि मला हाक मारून सांगायचे, "अगं, अडकलं बघ."

मग एकदा त्यांनी त्या गेटमनच्या खोलीवर पाय दिला.

अंगणात ते मांजरासारखे चालायचे. रूळ, तारा, इमारती, सगळं चुकवून. त्या दिवशी गाडीचा डबा घसरला म्हणून सरळ चालत गेले आणि खोली त्यांच्या डाव्या पायाखाली चिरडली. "दिसली नाही गं," म्हणाले. मी खूप बोलले. किती दिवसांचं काम, आणि डोळे काय खिशात ठेवले होते का, वगैरे. ते खाली बसून तुकडे गोळा करत होते आणि शेजारीच पडलेलं दार त्यांना सापडत नव्हतं. त्यानंतर माझ्या लक्षात यायला लागलं. दाराच्या चौकटीला खांदा लागायचा. बाजूला ठेवलेला पाण्याचा पेला हाताने उडायचा. समोरचं घड्याळ मात्र ते लांबून बिनचूक वाचायचे, त्यामुळे डोळ्यांची शंका कुणाला यावी?

डोळ्यांच्या दवाखान्यात त्यांची एक तपासणी झाली. पांढऱ्या घुमटात हनुवटी टेकवून बसायचं, कुठे ठिपका चमकला की बटण दाबायचं. मी बाहेर बसून काचेतून बघत होते. ठिपके चमकत होते आणि अहोंचा अंगठा हलत नव्हता. मधेच एकदा हलला, मग परत तसाच. मला आत जाऊन ते बटण आपणच दाबावं असं वाटत होतं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायला गोड. म्हणाल्या, "काका, गेलेलं व्हिजन परत येत नाही. जे आहे ते आपण मेंटेन करायचं. तुम्हाला आता पाइपमधून बघितल्यासारखं दिसतंय, तो पाइप अजून अरुंद होऊ द्यायचा नाही." अहो म्हणाले, "आणि झाला तर?" बाईंनी थेंब लिहून दिले.

मी हे सगळं शेजारी बसून ऐकलं. पाइप हा शब्दही ऐकला. पण माझ्या डोक्यात शिरलं ते एवढंच, की यांची नजर कमी झाली. नजर कमी झाली की माणूस काय करतो? अक्षर मोठं करतो. फोनवरचे आकडे मोठे करतो, देवाची पोथी मोठ्या टाइपातली आणतो. आमच्या घरात तीनही गोष्टी मी आठवड्याच्या आत केल्या.

आणि चौथी म्हणजे मालधक्का. गुदामाची लांब इमारत, पुढे माल उतरवायचा ओटा. तो मी पाच सुतांनी केला. अहोंना सांगितलं नाही. स्केल सोडते म्हटलं असतं तर त्यांनी रूळ उखडले असते. दार सव्वातीन इंचाचं चार इंचांवर गेलं. तेवढंच त्यांना बरं दिसेल, असं वाटलं. झाल्यावर अहोंनी त्याच्या ओट्यावरून बोट फिरवलं, छपराच्या कडेवर अंगठा ठेवला आणि म्हणाले, "बरं झालंय."

बास. एवढंच. ज्या माणसाने पडद्याच्या दांडीवरून माझ्याशी आठवडाभर अबोला धरला होता, त्याला एका फुटाला एक सूत जास्त लागलेलं कळू नये? मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. मला वाटलं, नजर आपल्याला सांगतात त्याहून जास्त गेली आहे. सुतावरून स्वर्ग गाठतात म्हणतात. मी सुतावरून उलट्या दिशेला गेले.

म्हणून स्टेशन सहा सुतांनी केलं. आमच्या रेल्वेतली ती सगळ्यात मोठी इमारत. मास्तरांची खोली, तिकिटाची खिडकी, पडवीचे खांब, कपाळावर घड्याळ. दार जवळजवळ पाच इंच. खरं सांगायचं तर इमारत म्हणून ती छान होती, पण शेजारून गाडी गेली की कुणीतरी वाड्याच्या ओसरीवरून खेळणं ओढत नेतंय असं दिसायचं. शेजारचे काका डोकावून म्हणाले, "वहिनी, गाडी धुतली वाटतं. आटली." मी त्यांच्याकडे असं बघितलं की ते महिनाभर आमच्या बाजूला फिरकले नाहीत. अहो स्टेशनसमोर स्टूल टाकून बसायचे आणि मान डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे हळूहळू फिरवत राहायचे. मी समजत होते, कौतुकाने बघताहेत. मला बरं वाटायचं. त्या सबंध काळात मला बरं वाटलेलं ते तेवढंच.

एका संध्याकाळी चहा घेऊन मागच्या दाराशी गेले, तर अहो पायरीवर बसले होते. स्टेशन पायरीजवळच एका बाजूला होतं, तिकडे त्यांची पाठ होती. ते अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर जुनं हसू होतं.

"काय बघताय?"

"केबिन."

"एवढ्या लांबून दिसते?"

"लांबूनच दिसते," ते म्हणाले. "जिना, खिडक्या, कौलं. सगळी एकदम. पुरती."

मी त्यांच्या शेजारी बसले. विचारू नये असं वाटत होतं, पण विचारलं. "आणि स्टेशन?"

"स्टेशनचं दार दिसतं. मग मान वळवली की खिडकी दिसते. मग वर बघितलं की घड्याळ. तोवर दार गेलेलं असतं. ते सगळं मनात जोडून घ्यावं लागतं. जोडतो मी. जुळतं कधी कधी."

"म्हणजे मोठं केल्यामुळे?"

"मोठी वस्तू भोकात मावत नाही गं."

"मोठी केली आहे, हे तुम्हाला माहीत होतं?"

"मालधक्का पाच सूत आणि स्टेशन सहा. बोट लावलं की कळतं. तीस वर्षं काय केलं मी?"

"मग बोलला का नाहीत?"

अहो कपाकडे बघायला लागले. कप सापडेपर्यंत त्यांना वेळ लागला. "मला वाटलं, तुझ्या हाताला आता बारीक काम होत नसेल. म्हणून तू माप वाढवलंस. मग म्हटलं, कशाला टोकायचं?"

करायला गेले गणपती आणि झाला मारुती, हे मी शाळेत पोरींना हसत हसत सांगायची. त्या पायरीवर मला हसू आलं नाही. आधी राग आला, तोही माझ्या हातांना नाव ठेवलं म्हणून. बाईमाणसाचा मान कुठे जाऊन दुखावतो बघा. मग बाकीचं हळूहळू आत उतरलं. डॉक्टरीणबाईंनी पाइप म्हटलं होतं. पाइपला डोळा लावला की त्यातून लांबच्या मिठाच्या बरणीचं एवढंसं झाकण पुरतं दिसतं आणि जवळचं कपाट दिसत नाही, हे कळायला काय शिक्षण लागतं? अहोंची नजर जेवढी उरली होती तेवढ्यात चार सुतांचं स्टेशन बसलं असतं. मावलं असतं. त्यांनी ते पायरीवर बसून एका दृष्टीत बघितलं असतं. त्यांच्या गावचं, कौलांचं, पुरतं. मी ते त्यांच्या उरलेल्या डोळ्यांतून बाहेर काढलं, आणि वर त्यांनी मला जपलं. आंधळ्या-बहिऱ्याची गाठ म्हणतात ती आमच्या अंगणात पडली होती. त्यातलं आंधळं कोण, ते मात्र मी सांगणार नाही.

"दोन सुतांनी करते," मी म्हटलं. "हातात धरून बघता येईल असं."

"होईल तुला?"

"तुम्ही बघाच."

नाही होत. हे त्यांना कधी सांगितलं नाही, पण त्यांचा अंदाज काही फार चुकीचा नव्हता. दोन सुतांच्या मापात साडेसहा फुटांचं दार म्हणजे दीड इंच आणि वर एक सूत. त्या मापात साग रेषेवर फुटतो, म्हणून शिवण झाडाचं मऊ लाकूड घेतलं. भिंगाचा दिवा आणला. अंगठा आणि तर्जनी यांच्यात पट्टी धरली की ती आपोआप थरथरायची. खिडकीची एक चौकट चार वेळा मोडली. वडिलांच्या आवाजात स्वतःला शिव्या घातल्या. कौलं कोरण्याऐवजी नुसत्या रेघा ओढाव्यात असं रोज वाटायचं, आणि रोज कोरत बसायची. अहो आधी संध्याकाळी विचारायचे, "कुठवर आलं?" मी सांगायची, पडवीपर्यंत, छपरापर्यंत. मग त्यांचं ऑपरेशन झालं. डोळ्याचं प्रेशर खाली आलं, डॉक्टरीणबाई खूश झाल्या, पण नजरेला ते कुणी कळवलं नव्हतं. पुढच्या तपासणीत घुमटाच्या आत त्यांचा अंगठा एकदासुद्धा हलला नाही. मी काचेला कपाळ टेकवून बसले होते. घरी आल्यावर त्यांनी थेंब घातले, वेळेवर, नेहमीसारखे. त्यानंतर "कुठवर आलं" विचारायचं त्यांनी बंद केलं.

मी घाई केली. मागची बाजू सपाट ठेवली. नुसती फळी, तेलाचा हात देऊन. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. मागून बघायचे ते एकटेच, आणि आधी पुढून तरी बघू देत, म्हटलं. एवढं देवाने द्यावं असं मागितलं. मी फारशी मागणारी बाई नाही.

स्टेशन झालं तेव्हा सकाळ होती. अंगणात ऊन चांगलं होतं. अहो पायरीवर बसले होते, तोंड केबिनच्या दिशेला, पण नुसतंच दिशेला. मी स्टेशन त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते दोन्ही तळव्यांवर घेतलं, लहान बाळाला घेतात तसं. मला वाटलं, बोट फिरवतील. त्यांनी बोट फिरवलं नाही. ते त्यांनी हात लांब करून डोळ्यांसमोर धरलं, एक डोळा बारीक केला, मान थोडी तिरकी केली, टूलरूममध्ये नवी जोडणी तपासताना धरत असतील तसं. बराच वेळ धरलं.

"पुरतं दिसतंय," अहो म्हणाले.

मी पदराला बोटं पुसली.

"दार छान आलंय. आणि खिडकी. दोन सुतांत एवढी खिडकी म्हणजे कमाल आहे तुझी. हात शाबूत आहेत तुझे. मी उगाच म्हटलं."

त्यांनी मागची बाजू समोर धरली होती. ते सपाट फळीकडे बघत होते.

"आवडलं ना?" मी विचारलं.

"मापात आहे," ते म्हणाले.

मी ते त्यांच्या हातातून काढून घेतलं नाही. चहा गार होईपर्यंत आम्ही तसेच बसलो. नंतर ते आत रेडिओकडे गेल्यावर मी स्टेशन टेबलावर नेलं, भिंगाचा दिवा लावला आणि मागची फळी सोडवली. तिच्यात एक दार कोरलं, दीड इंच आणि वर एक सूत. शेजारी एक खिडकी. बरेच दिवस गेले त्यात. आता ते त्यांच्या उशाशी असतं. ते उचलतात, डोळ्यांसमोर धरतात. कुठूनही धरलं तरी दार समोर येतं.